१५० ची बॅटरी, ३३५ ची प्लेट, तरी रात्री एक वाजताच पंखा बंद

आखाडेकर (जिंतूर) · १९ एप्रिल, रात्री ९:५०

राम राम मंडळी. आजवर नुसतं वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढायलोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, गावापासून दोन किलोमीटर. शेतीच्या लाइनला आठ तास थ्री फेज, तीबी एक हप्ता दिवसा नि एक हप्ता रात्री. त्या लाइनीवर घर चालत नाही म्हणून मागल्या दिवाळीत सोलर बसवलं. सामान असं आहे: ३३५ वॅटची एक प्लेट, ७२ सेलची, जुनी घेतली. १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर बॅटरी, नवी. ८५० चा इन्व्हर्टर. आणि ‘एमपीपीटी ३० अँपिअर’ असं लिहिलेला कंट्रोलर (प्लेटची वीज बॅटरीत भरणारा डबा), नऊशे रुपयांचा.

लोड म्हणाल तर छताचा एक पंखा, ९ वॅटचे दोन बल्ब, संध्याकाळी दोन तास टीव्ही, तीन मोबाइल. इन्व्हर्टर संध्याकाळी सातला चालू करतो, सकाळी सहाला बंद.

थंडीत पंखा नव्हता तवर कायच तक्रार नव्हती. शिमगा झाला, पंखा सुरू केला, नि रात्री एकच्या सुमारास इन्व्हर्टर टीं टीं करून बसायला लागला. माय म्हातारी आहे, घामाघूम होऊन उठती, मग अंगणात बाज टाकून बसती. दुकानदार म्हणतो, “बॅटरी कमी पडायली, अजून एक १५० ची जोडून टाका.” पंधरा-सोळा हजारांचा मामला आहे. तुरीचे पैसे आत्ताच आलेत. घेऊन टाकू का?

गोदाकाठ (गंगाखेड) · १९ एप्रिल, रात्री १०:०५

नका घेऊ. बाकीचं मीटरवाले सांगतील, मी फक्त तुमचा हात धरायला आलो.

हिंगोलीचा पाहुणा · १९ एप्रिल, रात्री १०:३१

दादा, मी घेतली होती. चार रात्री असा गार वारा लागला की दुकानदाराला पेढे द्यावे वाटले. पाचव्या रात्री परत टीं टीं. नंतर उमगलं की नवी बॅटरी दुकानातून भरून आली होती, ते चार दिवस आम्ही तिच्या पोटातलं खात होतो. मग एकाच्या जागी दोन उपाशी बॅटऱ्या झाल्या.

मीटरवाला (छत्रपती संभाजीनगर) · २० एप्रिल, सकाळी ७:१५

आखाडेकर, खरेदी थांबवा, आधी मोजू. हिशोब युनिटमध्येच करतो, म्हणजे लाइटबिलासारखा कळेल.

तुमचा साधा पंखा ७५ वॅटचा धरला तर रात्री दहा ते सहा मिळून ६०० वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). बल्ब ५०-६०, टीव्ही ८०, मोबाइल ३०. आणि जो कुणीच मोजत नाही तो इन्व्हर्टर: काहीही लोड नसला तरी तो स्वतः १५ वॅटच्या आसपास पितो, अकरा तासांचे झाले १६५. इन्व्हर्टरमधली घट धरून सगळं मिळून रात्रीला साधारण एक युनिट.

१५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १.८ युनिट कागदावर. लेड-अॅसिड बॅटरी (तुमची ट्यूब्युलर त्यातलीच) रोज अर्ध्याच्या खाली नेऊ नये, म्हणून वापरायला ०.९. म्हणजे तुमची बॅटरी गरजेच्या अगदी जवळ आहे. ती भरलेली असती तर पंखा पहाटेपर्यंत ओढला असता. तो रात्री एक वाजता बंद पडतो, याचा अर्थ बॅटरी लहान नाही, ती भरतच नाही.

३३५ ची प्लेट मराठवाड्यात दिवसाला पाच तासांचं चांगलं ऊन धरून, उष्णता-धूळ-वायर यांची पाव हिश्श्याची घट काढून, सव्वा युनिट द्यायला हवी. ते जातंय कुठं? मला नऊशे रुपयांचा संशय येतोय.

एक काम करा. उद्या सकाळी नऊच्या सुमारास, बॅटरी अजून भरलेली नसताना, मल्टिमीटर घ्या. कंट्रोलरवर प्लेटच्या वायरी येतात तिथले व्होल्ट मोजा, आणि लगेच बॅटरीच्या वायरी जातात तिथले. दोन्ही आकडे इथं टाका. दुपारी नको. बॅटरी भरत आली की कंट्रोलर हात आखडता घेतो आणि आकडे फसवे येतात.

आखाडेकर · २१ एप्रिल, दुपारी १२:४०

मोटार रिवायंडिंगवाल्याकडून मीटर आणला, क्लॅम्पवाला. प्लेटकडचे १३.६ आले, बॅटरीकडचे १३.२. करंट ४ अँपिअर.

मीटरवाला · २१ एप्रिल, दुपारी १:०२

मग लेबलावर काहीही असो, आत पीडब्ल्यूएम आहे.

खरा एमपीपीटी असता तर तुमच्या ७२ सेलच्या प्लेटचे व्होल्ट त्याने तीसच्या वर धरून ठेवले असते आणि बॅटरीकडे १३ दिले असते. पीडब्ल्यूएम म्हणजे उघडझाप करणारं एक बटण. ते चालू झालं की प्लेट सरळ बॅटरीला जोडली जाते आणि बॅटरी तिला ओढून आपल्या १३ वर आणते. प्लेटचं अँपिअर मात्र वाढत नाही, ते ८-९ च्या पुढे जातच नाही. म्हणून ८ गुणिले १३, झाले शंभर-सव्वाशे वॅट. पाचशेची नोट दिली, दोनशेचा माल घेतला आणि सुट्टे मागितलेच नाहीत. एमपीपीटी ते सुट्टे परत देतो: जास्तीच्या व्होल्टचे अँपिअर करून.

ओळखायची गावठी खूण: खऱ्या एमपीपीटीत तांब्याची जाड गुंडाळी, म्हणजे कॉइल असते, त्यामुळे तो हाताला जड लागतो. तुमचा किती जड आहे?

आखाडेकर · २१ एप्रिल, दुपारी १:२०

अंगाच्या साबणाएवढा. चार स्क्रू काढून पाहिला. आत हिरवी पट्टी, चार काळे ट्रान्झिस्टर नि एक मेलेली पाल. कॉइल नाही.

तुरीची शेंग (लातूर) · २१ एप्रिल, दुपारी १:२६

पाल मात्र अस्सल निघाली.

वायरमन बाप्पा (केज) · २१ एप्रिल, रात्री ८:४५

लेकरा, कंट्रोलर नकली आहे ते कळलं. पण मला तुझ्या आकड्यात अजून एक खडा लागायला. सकाळी नऊला, रातभर पिळून काढलेली बॅटरी, नि कंट्रोलरवर १३.२? येवढी वर कशी? कंट्रोलर बसवलाय कुठं, नि बॅटरी कुठं?

आखाडेकर · २१ एप्रिल, रात्री ९:१०

बाप्पा, प्लेट गोठ्याच्या पत्र्यावर आहे. कंट्रोलर तिथंच पत्र्याखाली, डांबाला. बॅटरी घरात. मधी वायर पंधरा मीटर, अडीचची.

वायरमन बाप्पा · २१ एप्रिल, रात्री ९:३२

सापडला बघ. उद्या दुपारी बाराला दोन ठिकाणी मोज. एकदा कंट्रोलरच्या बॅटरीवाल्या टोकाला, एकदा बॅटरीच्याच बोळ्याला (टर्मिनलला). नि गॅरेजवाल्याकडून हायड्रोमीटर आणून सहाही घरांची (सेलची) ग्रॅव्हिटी, म्हंजे अॅसिडचा जडपणा, घे. जितकी जास्त तितकं घर भरलेलं. चष्म्यावर अॅसिड उडतं, जपून.

आखाडेकर · २२ एप्रिल, दुपारी १२:५५

बाप्पा पाय कुठंत! कंट्रोलरला १४.४, बॅटरीला १२.९५. करंट साडेसहा. कंट्रोलरवरचा हिरवा दिवा म्हणायला ‘फुल्ल’, नि ग्रॅव्हिटी सगळ्या घरांची ११६५ ते ११७५.

मीटरवाला · २२ एप्रिल, दुपारी २:१०

बाप्पांना मानलं. मी कंट्रोलरच्या जातीवर अडकलो होतो, जागा विचारलीच नाही.

गणित बघा. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीला मीटरमागे सुमारे ७.४ मिलिओहम विरोध. पंधरा मीटर जाऊन-येऊन तीस, म्हणजे ०.२२ ओहम. त्यातून साडेसहा अँपिअर गेले की १.४ व्होल्ट वायरीतच सांडतात. कंट्रोलर बिचारा आपल्या टोकाचे व्होल्ट बघतो. त्याला १४.४ दिसले, त्याला वाटलं पोट भरलं, त्याने हात आखडला. इकडे बॅटरी १२.९५ वर उपाशी. म्हणजे नकली एमपीपीटीमुळे आधीच कमी येणारा करंट आठचा साडेसहा झाला. यावर दुसरी बॅटरी जोडली असती तर तीही अशीच अर्धपोटी राहून वर्ष-दीड वर्षात सल्फेट धरून बसली असती.

तेव्हा पहिला, फुकटातला उपाय: कंट्रोलर उचलून बॅटरीशेजारी आणा. लांबचा प्रवास प्लेटच्या बाजूला होऊ द्या. प्लेटकडे व्होल्ट शिल्लक असतात, वायरीत थोडे सांडले तरी चालतं, म्हणून तीच वायर निभावून नेते. कंट्रोलर ते बॅटरी मात्र हातभर अंतर, आणि वायर जाड, सहाची किंवा दहाची.

आखाडेकर · २२ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

आजच हलवला. दुपारी ३ ला ६ अँपिअर येत होते, बॅटरीला नि कंट्रोलरला आता सारखेच व्होल्ट. पण मीटरवाले भाऊ, नकली कंट्रोलर बदलायचा तर कितीचा घेऊ? दुकानदार म्हणतो ६० चा घ्या, पुढं वाढवायला बरं.

मीटरवाला · २२ एप्रिल, रात्री १०:२०

हा खरा मुद्दा, जरा सावकाश लिहितो. कंट्रोलरवर दोन आकडे असतात, दोन्हींचा धर्म वेगळा.

अँपिअर हा बॅटरीच्या बाजूचा आकडा. ढोबळ हिशोब: प्लेटचे एकूण वॅट भागिले बॅटरीचे व्होल्ट. तुमचे ३३५ भागिले १२, म्हणजे २८. तीसचा पुरतो. मे महिन्यात प्लेट ६५ अंशांवर तापली की तिची ताकद पंधरा-सोळा टक्क्यांनी उतरते, धूळ वेगळी, तेव्हा प्रत्यक्षात १८-२० अँपिअरच दिसतील. २८ दिसले नाहीत म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

आता तोच आकडा बॅटरीला झेपतो का ते बघायचं. ट्यूब्युलर बॅटरीला तिच्या एएचच्या दहा टक्के करंट मानवतो, १५० ला १५ अँपिअर. वीस टक्क्यांच्या, म्हणजे ३० च्या वर नेऊ नये. पाच टक्क्यांच्या खाली राहिला तर ती कधी पुरती भरत नाही, आतलं अॅसिड ढवळलं जात नाही, खाली जड नि वर हलकं असे थर बसतात. तुमचे १८-२० अगदी मधोमध बसतात. म्हणून म्हणतो, या प्लेटला हीच एक बॅटरी शोभते. दोन केल्या तर ३०० एएचला १८, म्हणजे सहा टक्के. काठावर आलात.

अँपिअर कमी पडले तर चांगला कंट्रोलर मरत नाही. समजा तीसच्या एमपीपीटीवर ५४० ची प्लेट लावली. हिशोबाने ४५ अँपिअर यायला हवेत, तो तीसवर थांबतो, वरचं घेत नाही. भर उन्हात थोडं वाया जातं, पण सकाळ-संध्याकाळ आणि आषाढ-श्रावणातल्या मळभात तीच मोठी प्लेट जास्त देते. शिवाय तीसवर थांबणं हे तुमच्या १५० च्या बॅटरीचं राखणच आहे. तिथं साठचा कंट्रोलर लावला असता तर ४५ अँपिअर तिच्या अंगावर गेले असते. एक अट: प्लेटचा शॉर्ट सर्किट करंट कंट्रोलरच्या माहितीपत्रकातल्या कमाल आकड्याच्या आत हवा.

व्होल्ट हा प्लेटच्या बाजूचा आकडा, आणि इथं माफी नाही. एकदा ओलांडला की कंट्रोलर गेला.

तुरीची शेंग · २३ एप्रिल, सकाळी ६:५०

व्होल्टचं मी सांगते, फी भरून शिकलेय.

आमच्या शेतावर ५४० च्या दोन प्लेटा, २४ व्होल्टची बॅटरी. मिस्त्रीने दोन्ही प्लेटा सिरीजमध्ये जोडल्या, कंट्रोलर १०० व्होल्टचा. प्लेटच्या मागच्या स्टिकरवर ओपन सर्किट (प्लेटला काहीच जोडलं नसतानाचे व्होल्ट) ४९.५ लिहिलेलं. दोनदा ४९.५ म्हणजे ९९. “ताई, शंभरच्या आत आहे,” म्हणाला. उन्हाळा, पावसाळा, दिवाळी, सगळं सुरळीत. येळवशीला (वेळ अमावस्येला) पाहुणे शेतात, पहाटेपासून भज्जीचं पातेलं चुलीवर, थंडी अशी की बोटं वळेनात. सकाळी सूर्य वर आला आणि कोपीत फट् आवाज. कंट्रोलरमधून जळल्याचा वास. पाहुण्यांना वाटलं भज्जी लागली.

स्टिकरवरचा आकडा २५ अंशांचा असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. प्लेट थंड झाली की व्होल्ट चढतात.

मीटरवाला · २३ एप्रिल, सकाळी ८:०५

ताई, अगदी हेच. २५ अंशांखाली दर अंशाला साधारण ०.३ टक्के धरा. पाच अंश म्हणजे वीस अंशांचा फरक, सहा टक्के. ९९ चे १०५ झाले. आणि सूर्य उगवताच उन्हात जोर नसतानाही व्होल्ट जवळपास पूर्ण येतात, प्लेट मात्र अजून रात्रीची गार. म्हणून कंट्रोलर मे महिन्यात नाही, पौषात मरतात. परभणीकडे पारा पाचाच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच, तेव्हा हा हिशोब आपल्याला टाळता येणारा नाही.

आखाडेकरांची ७२ सेलची एक प्लेट: ओपन सर्किट ४६ धरलं तर थंडीत ४९. बाजारात ५० व्होल्टचेही स्वस्त कंट्रोलर मिळतात, ते घेऊ नका. कमाल १०० चा घ्या. तशीच दुसरी प्लेट कधी सिरीजमध्ये आली तर ९८, म्हणजे शंभरच्या कडेलोटावर. तेव्हा ती पॅरलल जोडा किंवा आत्ताच १५० व्होल्टचा घ्या.

वायरमन बाप्पा · २३ एप्रिल, सकाळी ९:१५

नि कंट्रोलर जोडायचा तो आधी बॅटरी, मग प्लेट. काढताना आधी प्लेट, मग बॅटरी. बॅटरी बघूनच त्याला कळतं आपण १२ चे का २४ चे. फ्यूज बॅटरीच्या बोळ्यापशी, गोठ्यात नाही. नि प्लेटच्या लाइनीला घरातला एसीचा एमसीबी लावू नका. डीसीची ठिणगी एकदा धरली की त्यात विझत नाही, जळत राहती. डीसीचाच एमसीबी मागायचा.

बॅटरी ठेवली त्या खोलीत कडबा हाय का? असंल तर पहिला तो बाहेर काढ. भरताना हायड्रोजन निघतो.

आखाडेकर · २३ एप्रिल, सकाळी ९:२२

कडबा नाही बाप्पा. पर ढेप नि सोयाबीनचे कट्टे हायेत. हलवतो.

हिंगोलीचा पाहुणा · २३ एप्रिल, दुपारी ३:४०

एमपीपीटीची आरती चाललीय म्हणून पीडब्ल्यूएमची बाजू मांडतो. माझं कुंपणाचं झटका मशीन पाच वर्षं झाली, ४० वॅटची प्लेट, २६ एएचची बॅटरी, सहा अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम. रोही नि रानडुकरं बघतात नि वाट बदलतात. एकदाबी बंद नाही. प्रत्येकाला एमपीपीटी घ्यायला लावू नका.

मीटरवाला · २३ एप्रिल, दुपारी ४:१८

शंभर टक्के मान्य. तुमची ४० ची प्लेट ३६ सेलची असणार, कामाचे व्होल्ट १८. उन्हाळ्यात तापून १५ वर येतात, बॅटरीला लागतात १४.४. मध्ये सांडायला काही उरतच नाही, मग एमपीपीटी कमावणार काय? २.२ अँपिअर २६ एएचला म्हणजे आठ टक्के, तेही ठीक. पीडब्ल्यूएमची चूक नसते, त्याला ७२ सेलची प्लेट लावणाऱ्याची असते. घरावर टाकायच्या मोठ्या प्लेटा आता वॅटमागे स्वस्त पडतात, म्हणून लोक त्या आणतात आणि कंट्रोलर मात्र झटका मशीनचा लावतात.

हिंगोलीचा पाहुणा · २३ एप्रिल, दुपारी ४:४०

झटक्यावरनं आठवलं. मेव्हण्याकडं घराला २४ व्होल्ट, दोन बॅटऱ्या सिरीज. त्यानं झटका मशीन त्यातल्या एकीवरच जोडलंय, १२ पाहिजे म्हणून. एक बॅटरी सारखी डाउन दाखवती.

वायरमन बाप्पा · २३ एप्रिल, संध्याकाळी ६:०२

दाखवणारच. दोन बैलांतल्या एकालाच रातभर मोट ओढायला लावली नि सकाळी दोघांना सारखाच चारा. उपाशी तो उपाशी राहतो नि दुसरा फुगतो. एक खालावती, दुसरी ओव्हरचार्ज होऊन पाणी उडवती, वर्षात दोन्ही जातात. झटक्याला वेगळी छोटी बॅटरी नि प्लेट दे, नाहीतर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लाव.

कापूसकोंड्या (माजलगाव) · २४ एप्रिल, सकाळी ११:११

मधेच विचारतो. आमच्याकडं ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मधून ३ एचपी बसलाय, शेतात ३००० वॅटच्या प्लेटा उभ्या. पाऊसकाळात पंप बंदच असतो. त्यातल्या दोन प्लेटांना वायर मारून घरची बॅटरी भरता येईल का? बॅटरीला वेगळी प्लेट कशाला घ्यायची?

मीटरवाला · २४ एप्रिल, दुपारी १२:३०

नका मारू. एक तर त्या प्लेटा सिरीजमध्ये आहेत, टोकाला शेकड्यांनी डीसी व्होल्ट. उन्हात सुरू असलेला कनेक्टर हाताने ओढला तर ज्योत निघते, आणि ती सहज विझत नाही. दुसरं, योजनेत पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे असते, मधल्या दोन प्लेटा तोडल्या की तो हात वर करायला मोकळा. पंपाच्या त्याच प्लेटांवर कडबाकुट्टी, पिठाची चक्की, बॅटरी चार्जिंग चालवणारे युनिव्हर्सल पंप कंट्रोलर असतात. तुमचा तसा आहे का ते त्याच्या माहितीपत्रकात बघा. नसेल तर घरासाठी वेगळी प्लेट.

नांदेडी नवरदेव · २४ एप्रिल, दुपारी १:४५

एवढा कुटाणा कशाला? सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान मिळतं की.

गोदाकाठ · २४ एप्रिल, दुपारी १:५८

ती ग्रिडला जोडलेली यंत्रणा आहे, घरगुती कनेक्शन लागतं. लाइन गेली की तीही बंद होते, डांबावर चढलेला वायरमन मरू नये म्हणून. आखाड्यावर रात्री एकला पंखा फिरवायला तिचा उपयोग शून्य. गावातल्या घरावर जरूर बसवा, लग्नाआधी.

तुरीची शेंग · २४ एप्रिल, रात्री ९:१५

लिथियमचं कुणीच बोलेना. कंट्रोलर जळाल्यावर मी बॅटरीपण बदलली.

मीटरवाला · २४ एप्रिल, रात्री १०:०१

बरं केलंत. १०० एएचची १२.८ व्होल्टची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी १.२८ युनिटची, त्यातलं ८०-९० टक्के वापरता येतं. म्हणजे १५० च्या ट्यूब्युलरपेक्षा थोडं जास्तच. पाणी टाकायची कटकट नाही, करंट भरपूर घेते, म्हणून मोठी प्लेट तिला चालते. कंट्रोलरमध्ये मात्र लिथियमचं सेटिंग निवडलं आहे ना ते बघा. ट्यूब्युलरच्या सेटिंगवर राहिला तर तो इक्वलायझेशनला (सगळी घरं सारखी भरायला दिलेला जास्तीचा चार्ज) १५ च्या आसपास व्होल्ट चढवेल आणि बॅटरीतलं बीएमएस, म्हणजे तिची राखण करणारं सर्किट, मध्येच दार लावून घेईल.

आखाडेकरांनी मात्र आहे ती ट्यूब्युलर आधी जगवावी. सहा महिन्यांचीच आहे.

आखाडेकर · १३ मे, रात्री ८:४०

मंडळी, उशीर झाला. नांगरटी चालू होत्या, वरून बहिणीच्या घरचं लग्न.

केलं ते सांगतो. खरा एमपीपीटी घेतला, ३० अँपिअर, १५० व्होल्टचा. साडेपाच हजार पडले. घ्यायच्या आधी दुकानात हातात धरून पाहिला, चांगला दीड किलो भरतो. दुकानदार म्हणे, “वजनावर घ्यायलात का काय?” म्हणलं हाव.

पंखा बदलला, बीएलडीसी (कमी वीज खाणारा), ३० वॅटचा. बॅटरी गोठ्याकडच्या पत्र्याच्या भिंतीला होती ती आतल्या मातीच्या भिंतीकडं घेतली. दिवसा हात लावला तर आता गार लागती. ढेप नि कट्टे सासऱ्याच्या वाड्यात गेले, त्यावरून घरात वेगळा धागा निघालाय.

आज दुपारी बाराचे आकडे: प्लेटकडं ३०.४ व्होल्ट, ८.२ अँपिअर. बॅटरीकडं १३.२ व्होल्ट, १८.२ अँपिअर. प्लेट तीच, ऊन तेच. दोनदा मोजलं, विश्वासच बसंना.

पंखा रातभर चालतो. सकाळी सहाला बॅटरी १२.४. मायनं काल रात्री चादर मागितली.

हिंगोलीचा पाहुणा · १३ मे, रात्री ८:५२

मे महिन्यात चादर! चालू द्या.

मीटरवाला · १३ मे, रात्री ९:२०

३०.४ गुणिले ८.२ म्हणजे २४९ वॅट, १३.२ गुणिले १८.२ म्हणजे २४०. शंभराला ९६ पोचतात, कंट्रोलर खरा आहे. पंखा बदलल्याने रात्रीची गरज एका युनिटवरून ०.६-०.६५ वर आली, आणि वीज बॅटरीत जाऊन बाहेर पडेपर्यंतची घट धरूनही प्लेट एकाच्या आसपास देते. मळभाचा एखादा दिवस निघून जाईल.

कंट्रोलरला तापमानाची वायर आली असेल, सेन्सरची. ती पिशवीतच ठेवू नका, बॅटरीच्या अंगाला चिकटवा. २५ अंशांच्या वर दर अंशाला २०-३० मिलिव्होल्ट कमी करायचे असतात. आपल्याकडं खोलीत चाळीस असताना १४.४ चे १४ च्या आसपास व्हायला हवेत, नाहीतर डिस्टिल वॉटरचे कॅन आणून दमाल.

आखाडेकर · १३ मे, रात्री ९:३१

वायर पिशवीतच होती. मोबाइलच्या इअरफोनची समजून पोरानं कानात घालून बघितली.

वायरमन बाप्पा · १४ मे, सकाळी ७:०५

लेकरा, व्होल्ट-अँपिअरचं झालं. ग्रॅव्हिटी किती भरली?

आखाडेकर · १४ मे, संध्याकाळी ६:५०

पाच घरं १२३५ ते १२४०. प्लसकडनं तिसरं घर १२०५ वरच अडलंय.

वायरमन बाप्पा · १४ मे, संध्याकाळी ७:२०

पाच घरं भरली म्हणजे बॅटरी वाचली. तिसऱ्याचं पाणी बघ, पातळीच्या खाली असंल तर डिस्टिलच टाक, बोरचं नको. मग कंट्रोलरमधी इक्वलायझेशन एकदा चालव, भर उन्हाच्या दिवशी, दोन-तीन तास. खोलीची दारं-खिडक्या उघडी, जवळ बिडी नाही, नि टीव्ही-इन्व्हर्टर बंद. बुडबुडे आले तर भिऊ नको. घर हाताला चटका द्यायला लागलं तर बंद कर. दुसऱ्या दिवशी सकाळी परत मोज.

आखाडेकर · १७ मे, सकाळी ८:१०

पाणी कमीच होतं, बॅटरीच्या आतल्या प्लेटांची टोकं उघडी पडायला आली होती. काल अकरा ते दीड इक्वलायझेशन केलं. आज तिसरं घर १२२५.

वायरमन बाप्पा · १७ मे, सकाळी ८:१४

आठ दिवसांनी अजून एकदा कर. नि प्लेट धुताना सकाळी धू, दुपारी तापल्या काचेवर गार पाणी मारू नको.